वरातली फट : बोहाड्यातला असुर आणि टेबलावरचा खलनायक

भूमिकाखेळ म्हणजे टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांनी एकेका कल्पित पात्राची भूमिका घेऊन मिळून रचलेली कथा. त्यात एक जण सूत्रधार असतो, तो पात्रांभोवतीचे सारे जग आणि त्या जगातला खलनायक केवळ बोलण्यातून उभा करतो, आणि पात्राने योजलेले कृत्य साधले की फसले हे बहुधा फाशावर ठरते. आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या अशा सलग कथेला मोहीम म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने 1974 मध्ये या प्रकाराला छापील रूप दिले, आणि आज मुंबई-पुण्यातही तो खेळणारे गट आहेत. नाटकातल्या खलनायकाला प्रतिपक्षाची संहिता आधीच ठाऊक असते. इथे मात्र नायक काय करतील हे खुद्द सूत्रधारालाही ठाऊक नसते, म्हणून खलनायक घडवणे ही या खेळातली सर्वांत अवघड कला ठरते.

या कलेची आजची अवस्था संमिश्र आहे. बऱ्याच मोहिमांत खलनायक म्हणजे आकड्यांची रास असते : इतके बळ, इतके मंत्र, इतके घाव सोसण्याची क्षमता, तो दूरच्या गढीत शेवटच्या बैठकीची वाट पाहत बसतो आणि भेटला की लांबलचक भाषण करतो. अलीकडे यावर उतारा म्हणून त्याला दुःखी बालपण चिकटवण्याची रीत पडली आहे. त्यातून दया उपजते, पण खेळणाऱ्याच्या हाताला काम मिळत नाही.

जुन्या नमुन्यांपैकी एक मात्र अजून टिकून आहे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने 1983 मध्ये ‘रेव्हनलॉफ्ट’ या साहसकथेत स्ट्राड नावाचा रक्तपिपासू सरदार आणला, आणि त्यामागचे निमित्त साधे होते : एका खेळात भुयारातल्या खोलीत योगायोगाने असा रक्तपिपासू समोर आला आणि ट्रेसीला प्रश्न पडला, हा इथे करतो तरी काय? भावाच्या वाग्दत्त वधूचा लोभ धरून भावालाच मारणारा स्ट्राड हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. शिवाय त्याचा हेतू आणि त्याला गाठण्याची जागा पत्ते काढून ठरत असल्यामुळे प्रत्येक टेबलावर तो थोडा वेगळा निघतो.

खलनायक घडवण्याचा हा प्रश्न ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्याने फार आधी सोडवला आहे. जव्हार-मोखाड्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतच्या आदिवासी मुलखात (यांपैकी जव्हार-मोखाडा 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात गेले) होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. बोहाडा म्हणजे देव-दानवांचे मुखवटे चढवून रात्रभर नाचवली जाणारी सोंगे. आधी गणपती आणि सारजा, म्हणजे सरस्वती, येतात. मग मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग गावच्या वाटेने देवीच्या ठाण्याकडे सरकते. मुखवटा जड असतो, डोळ्यांच्या भोकांतून पुढची वाट जेमतेम दिसते, म्हणून सोंगाला सावरायला सोबत माणसे चालतात. रावणाच्या दहा तोंडांखाली घामाघूम झालेला माणसाचा चेहरा आहे आणि तो शेजारच्याच घरातला आहे, हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते; तरीही सोंग अंगावर आले की कडेची पोरे मागे हटतात. अनेक ठिकाणी सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे असतो, आणि असुराचे सोंगही मानाचेच मानले जाते. भय आणि ओळख एकाच मुखवट्यात मावतात, हे या कलेचे पहिले यश.

दुसरे यश अधिक खोलवरचे, आणि ते कथेच्या बांधणीत आहे. बोहाड्यात नाचणारे बहुतेक मोठे असुर वर मिळवलेले आहेत. वर म्हणजे तपाच्या मोबदल्यात देवाने दिलेले अभयाचे वचन. खेळाच्या भाषेत सांगायचे तर तो एक नियम असतो, आणि त्या नियमाला कुठेतरी फट असते. हिरण्यकश्यपूने दिवस-रात्र, घर-अंगण, माणूस-पशू अशा साऱ्या वाटा बुजवल्या, पण उंबरठा आणि तिन्हीसांज राहून गेली. रावणाने देव-दानवांपासून अभय मागितले, माणसाची आणि वानराची त्याला गणतीच नव्हती. महिषासुराला पुरुषाच्या हातून मरण नको होते; बाई आपल्याला मारील हे त्याच्या स्वप्नातही आले नाही. यांपैकी निदान शेवटच्या दोघांची चूक विसराळूपणाची नाही, तुच्छतेची आहे : ज्याला आपण मोजत नाही, त्याच्याच हातून आपला अंत होतो.

पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत खलनायकाला उद्दिष्ट द्या, इतिहास द्या, साथीदार द्या, असा उपदेश भरपूर असतो आणि तो चुकीचा नाही. पण ‘तो कोणाला मोजत नाही?’ हा एक प्रश्न त्या साऱ्यापेक्षा जास्त कामाचा आहे, कारण त्याच्या उत्तरातच खेळणाऱ्यांची जागा तयार होते. शिवाय वर देणारा देवच असल्यामुळे असुराच्या माजाची थोडी जबाबदारी वरच्या सत्तेवरही येते आणि खलनायक एकटा उरत नाही. भस्मासुरापासून पळत सुटलेला शंकर ही यातली सर्वांत मिश्कील जागा. देवाची अशी फजिती करणारा सूत्रधार कोणत्याही टेबलावर लोकप्रिय होईल.

पराभवानंतरच्या खलनायकाचे काय, हा प्रश्न भूमिकाखेळात बहुधा अनुत्तरित राहतो. घाव संपले, लूट वाटली, मोहीम आटोपली. आपल्याकडे तसे होत नाही. खंडोबाच्या कथेत मल्ल हा असुर मरताना आपले नाव देवाच्या नावाआधी लागावे असे मागतो, म्हणून देव मल्हारी होतो. त्याच्या भावाला, मणीला तर जेजुरीत भक्त हात जोडतात. मुरबाड तालुक्यातील म्हसा गावी पौष पौर्णिमेला भरणारी, गुरांच्या बाजारासाठी नावाजलेली यात्रा म्हसोबाची. म्हसोबा आणि महिषासुर यांचे नाते दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या 1962 च्या ग्रंथात उलगडले असून, एके ठिकाणी देवी ज्याला मारते त्याच्याशीच दुसऱ्या ठिकाणी तिचे लग्न लागलेले असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले आहे. ज्या मुलखात महिषासुराचे सोंग पडते, त्याच मुलखात म्हसोबाला नवस बोलले जातात. मारलेल्या शत्रूचे देणे गावाने फेडत राहावे, ही कल्पना एखाद्या मोहिमेच्या उत्तरार्धाला पुरून उरेल.

वराची हीच रचना मुखवट्याबाहेरही दिसते. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लग्नगडी भेटतो : लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेऊन त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारा वारली. तिथल्या जमीनदाराकडे जादू नव्हती; कायदा, कर्जाची वही आणि चाबूक होता, आणि वरच्या सत्तेचे अभयही होते. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्याच वर्षी डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठ नाकारली, म्हणजे ज्यांची गणती नव्हती तेच उभे राहिले. या प्रदेशावर मोहीम बेतणाऱ्याने परदेशी सरदाराच्या गढीआधी ही वही उघडून पाहावी.

बिनचेहऱ्याचा खलनायक मात्र बोहाड्याला पेलत नाही, कारण मुखवट्याला चेहरा लागतो. शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. इथे कोणाचे सोंग काढायचे? अशा ठिकाणी भूमिकाखेळ सरस ठरू शकतो, कारण त्यात नियम, कागद आणि अंतर यांनाही खलनायक करता येते. मराठीत बोलणाऱ्या सूत्रधारांनी हे काम अंगावर घ्यायला हवे. दूरचित्रवाणीवरच्या पौराणिक मालिकांतून असुराचे जे गडगडाटी हास्य घरोघरी पोचले, ते टेबलावर आणण्यात काही हशील नाही. बोहाड्यातला असुर बोलतो थोडे, नाचतो अधिक, आणि त्याची जरब पायांच्या ठेक्यात असते.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी शेवटच्या रात्री, म्हणजे मोठ्या बोहाड्याला जावे आणि मध्यरात्रीच उठून परतू नये. देवी आणि महिषासुर यांचे युद्ध पहाटेला होते.