आकाश कोणत्या गांवचें?

तारकांनीं भरलेल्या रात्रीचीं छायाचित्रें हल्लीं विपुल दिसतात. परंतु पुष्कळांत भूमि व आकाश यांची ओळखदेखील नसते. जमीन सायंकाळच्या उजेडांत टिपावयाची, आकाशगंगा परक्या मुलखांतून आणून वर डकवावयाची! कल्पनाचित्र म्हणा, आमची हरकत नाहीं. पण पूर्णा-केळणांच्या संगमावरील जाफराबादेस ध्रुव क्षितिजापासून सुमारें २० अंशांवरच असतो, कारण त्याची उंची स्थळाच्या अक्षांशाइतकी. तोच ५० अंशांवर चढला, तर नदी आमची आणि आकाश युरोपांतलें! उलट, तिपाईवरचा कॅमेरा तासभर उघडा ठेवावा. तारे ध्रुवाभोंवतीं १५ अंशांचे कंस काढतात, काळोखांतली दरडही हळूहळू उमटते. असें चित्र अंधुक असलें तरी आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. त्यांत ध्रुव तेवढा जवळजवळ ठिपकाच राहतो.