वाफेची रस्तागाडी आणि तांबडे निशाण : एका कारणमीमांसेची तपासणी

इंग्लंडातील वाफेच्या रस्तागाड्यांचा इतिहास सांगताना त्यांच्या ऱ्हासाचे खापर बहुधा १८६५ च्या कायद्यावर फोडले जाते. या कायद्याने गाडीची गती गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात २ मैल अशी बांधून टाकली आणि गाडीपुढे ६० यार्डांवर तांबडे निशाण घेतलेला मनुष्य चालला पाहिजे, असे ठरविले. हे दृश्य सहज स्मरणात राहते. तथापि स्मरणात राहणे हा काही पुराव्याचा गुण नव्हे.

कालक्रम पाहता ही मीमांसा टिकत नाही. ट्रेव्हिथिकने कॅम्बोर्न येथे आपली गाडी १८०१ मध्ये चालविली. १८३१ मध्ये गर्नीच्या गाड्यांनी ग्लॉस्टर व चेल्टनम या गावांमध्ये सुमारे चार महिने उतारूंची नियमित ने-आण केली. हँकॉकची ‘एंटरप्राइज’ १८३३ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर धावली. परंतु १८४० च्या सुमारास उतारूंच्या वाहतुकीचा हा उद्योग जवळजवळ मावळला होता. जो कायदा पुढे पंचवीस वर्षांनी व्हावयाचा होता, तो या ऱ्हासाचे कारण कसा ठरणार?

खऱ्या कारणांपैकी एक १८३१ च्या कॉमन्स सभेच्या समितीने स्वतःच नोंदविले आहे. या गाड्या ताशी सरासरी १० मैल चालू शकतात, चौदाहून अधिक उतारू नेतात आणि घोड्यांच्या टापांपेक्षा रस्त्याची झीज कमी करतात, असा अनुकूल निर्णय तिने दिला. मात्र कित्येक मार्गांवरील पथकर त्यांना मारक आहे, असेही सांगितले. लिव्हरपूल-प्रेस्कट रस्त्यावर घोड्यांच्या भरलेल्या गाडीस ४ शिलिंग, तर गर्नीच्या गाडीस २ पौंड ८ शिलिंग, म्हणजे बारापट कर पडणार होता. शिवाय १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला होता व भांडवलाचा ओघ तिकडे वळत होता.

मग हा गैरसमज रूढ का व्हावा? त्याचे मूळ काही अंशी शब्दार्थात आहे. १८६५ च्या कायद्याच्या नावात ‘लोकोमोटिव्ह’ हा शब्द आहे. तेथे त्याचा अर्थ रुळांवरील इंजिन असा नसून रस्त्यावर चालणारे यंत्र असा आहे. त्या काळी रस्त्यांवर प्रामुख्याने दिसत ती शेतीची यंत्रे व अवजड ओझी ओढणारी इंजिने. गर्नीच्या हलक्या उतारूगाड्या नव्हेत. एकाच नावाखाली दोन भिन्न वाहने आली, आणि एकाचा कायदा दुसऱ्याच्या मृत्यूचे कारण ठरला.

असा अर्थसंकोच मराठीसही अपरिचित नाही. ‘आगगाडी’ या शब्दात आग आहे, गाडी आहे. रूळ कोठेच नाही. परंतु १८५३ मध्ये मुंबई-ठाणे मार्गावर ही वस्तू रुळांवरूनच आली आणि शब्दाचा अर्थ तेथेच स्थिरावला. रूढ झालेला अर्थ मागील काळावर लादला की शब्दाबरोबर इतिहासही बदलतो.

१८६५ चा कायदा निरुपद्रवी होता, असा याचा अर्थ नव्हे. १८९६ मध्ये हलक्या वाहनांस त्यातून मोकळीक मिळेपर्यंत नव्या प्रयत्नांना त्याचा जाच झालाच. त्याच्यावरील दोषारोप त्या एकतीस वर्षांपुरता मर्यादित ठेवावा; १८३० नंतरच्या दशकाचा जाब पथकराच्या दरपत्रकांना आणि लोहमार्गाला विचारला पाहिजे.