इस्मे आजम आणि बिननावाचा कोळी

जिन्न, जादू आणि तिलिस्म यांनी भरलेल्या कथांकडे आपल्या समाजात दोनच नजरांनी पाहिले जाते. एका वर्गाला वाटते, या कथा अंधश्रद्धा वाढवतात, त्या मुलांच्या हाती पडू नयेत. दुसरा वर्ग त्यांना पूर्वजांचा वारसा म्हणून मिरवतो. कथा सावकाश वाचण्याची तसदी मात्र दोघेही घेत नाहीत. या जादूच्या दुनियेतला सामान्य माणूस स्वतःचे रक्षण कसे करतो, एवढा एकच प्रश्न मनात धरून त्या वाचल्या, तरी निराळेच चित्र समोर येते.

आधी दास्तान घेऊ. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने काढलेली अमीर हमजाच्या दास्तानीची मालिका 46 खंडांची आहे. तिच्यातला सर्वांत गाजलेला भाग 'तिलिस्मे होशरुबा' 1883 पासून प्रसिद्ध होऊ लागला. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. या दुनियेत अमीर हमजाला इस्मे आजम अवगत आहे आणि त्यापुढे जादू चालत नाही. अमर अय्यारपाशी सारे काही सामावून घेणारी जंबील आहे. तिलिस्म फोडणाऱ्यासाठी लौह असते आणि पुढचे पाऊल कोणते टाकायचे ते ती सांगते. संरक्षण आहे, पण ते नेमलेल्या माणसांसाठी. लष्करातल्या साध्या शिपायाने जादूगाराच्या माऱ्यात कोणाकडे पाहायचे? आपल्या सरदाराकडे. दास्तानीच्या कल्पनाशक्तीला सलाम करतानाच तिची ही मर्यादाही सांगितली पाहिजे.

'अलिफ लैला'तला कोळी याच्या अगदी उलट आहे. त्याला नावसुद्धा नाही. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या कथा मराठीत आणायला सुरुवात केली, तेव्हापासून मराठी वाचकही त्याला ओळखतो. दिवसातून चारच वेळा जाळे टाकायचे, हा त्याचा नेम. अल्लाहचे नाव घेऊन तो जाळे टाकतो आणि हाती येते मेलेले गाढव, मग चिखलाने भरलेले मडके, मग खापऱ्या आणि काचा. नाव घेतले म्हणून मासे मिळाले, असे कथाकार लिहीत नाही. कोळी रडतो, तक्रार करतो आणि पुन्हा जाळे टाकतो. ही श्रद्धा आहे, सौदा नव्हे.

चौथ्या वेळी सुलेमानी मोहर असलेला पितळी घडा सापडतो. ती मोहर कोळी स्वतःच सुरीने खरवडून काढतो, कारण घरात पोरे उपाशी आहेत. पोट रिकामे असले की पवित्र मोहरही टिकत नाही, हे सांगायला कथाकाराला वेगळे वाक्य लिहावे लागलेले नाही. बाहेर पडलेला जिन्न त्याला ठार मारायला निघतो. तेव्हा कोळी सुलेमानच्या अंगठीवरच्या इस्मे आजमची शपथ घालतो, पण कशासाठी? जिन्नाला भस्म करण्यासाठी नाही, तर एका प्रश्नाचे खरे उत्तर मिळवण्यासाठी. 'एवढासा घडा, त्यात तू मावलास कसा?' जिन्न धूर होऊन आत शिरतो आणि कोळी मोहरेचे तेच झाकण बसवतो. मोहर तीच, नावही तेच. पण आधी अक्कल चालवावी लागली.

अलीबाबाच्या कथेतली मरजाना आणखी एक पाऊल पुढे जाते. ही कथा गालां यांनी 1709 मध्ये हन्ना दियाब या सीरियन कथेकऱ्याकडून ऐकली. चोराने दारावर केलेली खडूची खूण पाहून दासी मरजाना आजूबाजूच्या दारांवर तशाच खुणा करते. दाराला खूण केली की घरावरचे संकट टळते, ही जगभरची समजूत. इथे संकट टळते ते डोळे उघडे ठेवल्यामुळे.

आता आपल्या घरांकडे पाहू. प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर इमाम जामिन बांधतात आणि तो सुखरूप पोहोचला की ते नाणे खैरात करतात. झोपताना मुलांवर आयतुल कुर्सी पढून फुंकर घालतात. या रिवाजांत माया आहे, धीर आहे, गरिबाचा वाटा आहे. त्यांची टिंगल करून कोणीही पुरोगामी होत नाही. मात्र मुलाला साप चावला असताना आमिलाकडे धाव घेणे ही निराळी गोष्ट आहे. औषधोपचार रोखून गंडेदोरे करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा ठरवले आहे. कायदा धाक घालतो, पण विवेक घडवायचा तर तो वर्गातच घडवावा लागतो.

म्हणून उर्दू शाळांत शिकवताना माझा आग्रह असतो की या कथा मुलांपासून लपवू नयेत. मुलांना एवढेच विचारावे: कोळी वाचला कशामुळे? सुरुवातीला वर्ग एका सुरात 'मोहरेमुळे' म्हणेल. मग विचारावे, ती मोहर तर त्यानेच खरवडली होती ना? पुढचे उत्तर मुले स्वतः शोधतात. तावीज घालायचा की नाही, हे त्यांचे त्यांनी मोठेपणी ठरवावे. पण दुआ झाल्यावर दवाखान्याची वाट धरायची, हे त्या बिननावाच्या कोळ्याकडून त्यांनी आजच शिकावे.