सरकारी रोख्यांचा ईटीएफ: ‘सुरक्षित’ म्हणजे नेमकं काय?

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेतल्या एका मैत्रिणीची बरेच महिने थकलेली फेलोशिप एकदम खात्यात जमा झाली. थीसिस जमा करायला तिच्याकडे साधारण दीड वर्ष आहे. वर्ध्यातली खोली, मेस, शेवटची फी, छपाई, सगळं याच रकमेतून भागवायचं आहे. तिने मोबाइलवर एक ईटीएफ दाखवला. ८ ते १३ वर्षं मुदत उरलेल्या केंद्र सरकारच्या रोख्यांचा. म्हणाली, “सरकारी आहे ना, मग डुबणार कसं? अन् भाव पडलाच तर मुदतीपर्यंत थांबू.”

दोन्ही वाक्यं आपापल्या जागी खरी आहेत. पण ज्या वस्तूबद्दल ती खरी आहेत, ती वस्तू त्या पडद्यावर नव्हती. म्हणून आज पेपर वाचतो तसा हा दावा वाचून पाहू. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, गुंतवणुकीचा सल्ला देणं माझं काम नाही. दावा तपासणं मात्र आपल्या सगळ्यांचंच काम आहे.

१. कोणती राशी मोजतोय?

‘सुरक्षित’ या एका शब्दात दोन वेगळ्या राशी आहेत. पहिली: कर्ज घेणारा पैसे बुडवेल का? केंद्र सरकार रुपयात घेतलेलं कर्ज बुडवण्याची शक्यता जवळपास नाहीच, तेव्हा इथे मैत्रीण बरोबर आहे. दुसरी: मला पैसे हवे असतील त्या दिवशी रोख्याला काय भाव मिळेल? याचं उत्तर सरकारच्या पतीवर नाही, त्या दिवशीच्या व्याजदरावर ठरतं.

हिशोब सोपा आहे, वहीत करून पाहा. १०० रुपये दर्शनी किंमत, वर्षाला ७ रुपये व्याज, मुदत १० वर्षं. (खरं व्याज सहामाही मिळतं, आपण सोपेपणासाठी वार्षिक धरू.) बाजारातला दर ७ टक्के असताना किंमत १००. दर ८ टक्के झाला, तर नवा रोखा ८ रुपये देतोय, मग तुमचा ७ रुपयांचा जुना रोखा १०० ला कोण घेणार? दहा वर्षांचं व्याज आणि शेवटचे १०० रुपये ८ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले की उत्तर येतं सुमारे ९३.२९. दर ६ टक्क्यांवर आला, तर १०७.३६. आता मुदत एकच वर्ष ठेवून बघा. दर ८ टक्के झाला तरी किंमत ९९.०७. कर्जदार तोच, पण एकीकडे जवळपास ७ रुपयांची घट आणि दुसरीकडे १ रुपयाचीही नाही. फरक मुदतीचा आहे.

२. नमुना कोणता?

आता दुसरं वाक्य, “मुदतीपर्यंत थांबू.” हे आपल्या घरांतून आलेलं आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या घरांत ‘सरकारी’ म्हणजे पोस्ट. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र घेतलं की पाच वर्षांनी किती मिळणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. मधे व्याजदर कुठेही जावोत, घरात कोणाला पत्ताही लागत नाही. सुटा सरकारी रोखाही बराचसा असाच आहे. मधे भाव पडला तरी शेवटच्या तारखेला दर्शनी किंमत पूर्ण मिळते.

पण त्या ईटीएफला शेवटची तारीखच नाही. तो निफ्टी ८-१३ वर्षं जी-सेक निर्देशांकाच्या मागे चालतो. निर्देशांक म्हणजे नियमांचा संच: ८ ते १३ वर्षं उरलेले, ज्यांत सर्वाधिक व्यवहार होतो असे मोजकेच रोखे घ्यायचे आणि वेळोवेळी यादी तपासायची. रोखा ८ वर्षांच्या खाली आला की तो बाहेर, त्याच्या जागी लांब मुदतीचा आत. वर्गात नापास न होताही कायम दहावीतच बसणाऱ्या मुलासारखं हे आहे. तुम्ही पाच वर्षं थांबलात, तरी तुमच्या हातात पुन्हा आठ ते तेरा वर्षांचेच रोखे असतात.

म्हणजे सुट्या रोख्याबद्दल सिद्ध झालेला निष्कर्ष मैत्रिणीने निर्देशांकाला लावला. एका नमुन्यावरचं उत्तर दुसऱ्या लोकसंख्येवर लावू नका, हे आपण पद्धतीशास्त्राच्या पेपरात लिहितो. ते इथेही लागू होतं.

मुदत असलेले ईटीएफही आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने आलेला, एडलवाइज म्युच्युअल फंड चालवत असलेला भारत बाँड ईटीएफ हे सगळ्यात माहीत असलेलं उदाहरण. पहिल्या वेळी एप्रिल २०२३ आणि एप्रिल २०३० अशा दोन मुदती होत्या, नंतर आणखी आल्या. तारीख जवळ येते तशी त्यातल्या रोख्यांची मुदत घटते आणि भावाची उसळीही कमी होते. मांडणी चांगली आहे. खर्च नगण्य आहे, आत काय आहे ते जाहीर असतं. पण इथे गडबड पहिल्या शब्दात आहे. आत सरकारचे रोखे नाहीत, नाबार्ड, एनटीपीसी, पॉवर ग्रिड यांसारख्या एएए मानांकनाच्या सार्वजनिक संस्था-कंपन्यांचे आहेत. त्या सरकारच्या मालकीच्या आहेत, म्हणून सरकारने प्रत्येक रोख्याची हमी घेतली असं होत नाही. धोका फार कमी असेल, पण ती राशी वेगळी आहे आणि नावातल्या ‘भारत’वरून ती कळत नाही.

३. कालखंड कोणी निवडला?

ॲपवर मागच्या एका वर्षाचा परतावा मोठ्या अक्षरात दिसतो. तो कोणत्या वर्षाचा, हे विचारा. २०२० च्या मध्यात दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर ६ टक्क्यांच्या आसपास होता. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून वाढवायला घेतला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर नेला. जून २०२२ मध्येच दहा वर्षांचा दर साडेसातच्या आसपास गेला होता. ६ टक्के व्याजाच्या दहा वर्षांच्या रोख्याची किंमत साडेसात टक्क्यांनी काढली तर ती ९० च्या जवळ येते. दोन वर्षांचं व्याज १२, भावातली घट १०. हा ढोबळ कागदी हिशोब आहे, पण दिशा स्पष्ट आहे: दोन वर्षं ‘सुरक्षित’ राहून हाती जवळपास काहीच नाही.

याउलट फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर उतरायला लागला आणि लांब मुदतीच्या रोख्यांचे भाव चढले. ज्याने तेवढाच तुकडा पाहिला, त्याला हीच वस्तू मुदत ठेवीहून भारी वाटली असणार. दोन्ही आलेख खरे आहेत. दोन्हींवरून पुढच्या दीड वर्षाबद्दल काही सिद्ध होत नाही.

४. उपकरण किती बरोबर?

ईटीएफचं युनिट शेअर बाजारात डिमॅट खात्यातून घ्यावं-विकावं लागतं. निव्वळ मूल्य एक असतं, बाजारातला भाव दुसरा. रोज फारसे व्यवहार होत नसतील, तर घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात अंतर पडतं आणि ते आपल्या खिशातून जातं. म्हणून खर्चाचं प्रमाण कमी आहे एवढंच पाहून भागत नाही, रोज किती युनिट्स हात बदलतात तेही बघायचं. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा युनिट्सवरचा नफा, कितीही वर्षं ठेवली तरी, आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार करपात्र आहे. जुन्या ब्लॉगांतलं इंडेक्सेशनचं गणित आता लागू नाही.

माझी तक्रार ईटीएफबद्दल नाही. ज्याला दहा-बारा वर्षं पैसे लागणार नाहीत आणि मधली चढउतार सोसते, त्याच्यासाठी हे स्वच्छ, नियमाने चालणारं साधन आहे. ज्याला नक्की तारीखच हवी, त्याला नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून किमान १०,००० रुपयांचा सुटा सरकारी रोखाही घेता येतो. तक्रार आहे ती ‘सरकारी’ हा शब्द ऐकला की पुढचे प्रश्न बंद करण्याच्या आपल्या सवयीबद्दल.

मैत्रिणीने शेवटी वहीच्या एका पानावर तारखा लिहिल्या: फी कधी, छपाई कधी, खोलीचं भाडं कधीपर्यंत. त्या तारखांना धरून रकमेचे तीन भाग केले आणि बँकेत वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवी केल्या. परतावा फार नाही. पण थीसिसच्या शेवटच्या महिन्यात तिला रेपो दराच्या बातम्या बघत बसावं लागणार नाही.

तुम्हीही कुठल्याही योजनेचं माहितीपत्रक उघडा आणि चार ओळी लिहून काढा: धोका नेमका कशाचा, आत नेमकं काय, आकडा कोणत्या काळाचा, आणि विकायला गेलो तर घेणारा कोण. एखादी ओळ कोरी राहिली, तर पैसे खात्यातच राहू द्या, आधी ती ओळ भरा.