ताबा आणि प्रतीक्षा : ‘घरोंदा’ व ‘अधांतर’ यांचा तुलनात्मक अभ्यास

प्रास्ताविक

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजांपैकी निवारा ही गरज महानगरात एका प्रदीर्घ प्रतीक्षेचे रूप धारण करते. बहुमजली इमारतीतील सदनिकेचे पैसे आधी द्यावे लागतात आणि ताबा मागाहून मिळतो. या दोहोंमधील काळात माणसाच्या नात्यांचे व नीतीचे काय होते, हा प्रश्न कायद्याइतकाच कलाकृतींचाही आहे. प्रस्तुत लेखात भीमसेन दिग्दर्शित ‘घरोंदा’ (१९७७) हा हिंदी चित्रपट आणि जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे मराठी नाटक यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

‘घरोंदा’ : उसन्या काळाची शोकांतिका

शंकर शेष यांच्या कथेवरील ‘घरोंदा’मध्ये सुदीप आणि छाया हे एकाच कार्यालयात काम करणारे तरुण-तरुणी आहेत. लग्नापूर्वी स्वतःचे घर हवे म्हणून ते पै पै साठवून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पैसे गुंतवतात. बिल्डर फसवतो आणि त्याच फसवणुकीत होरपळलेला सुदीपचा मित्र आत्महत्या करतो. येथपर्यंत ही एका फसवणुकीची कथा आहे. चित्रपटाचे खरे सामर्थ्य यापुढील भागात आहे. हृदयविकाराने ग्रस्त असलेला श्रीमंत मालक मोदी छायाला मागणी घालतो, तेव्हा ती तिने स्वीकारावी असे सुदीपच सुचवतो. मोदी फार दिवस जगणार नाही, मग पैसा आणि घर दोन्ही आपलेच, असा त्याचा हिशेब असतो.

या हिशेबाची रचना सदनिकेच्या व्यवहारासारखीच आहे, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक ठरते. आज किंमत मोजायची आणि उद्याच्या ताब्याची वाट पाहायची. बिल्डरने सुदीपला जे शिकवले, तेच तो छायाच्या बाबतीत करू पाहतो. छाया मात्र मोदीशी माणूस म्हणून जोडली जाते आणि ताब्याची वस्तू होण्याचे नाकारते. रखडलेल्या बांधकामामुळे केवळ पैसा बुडत नाही, तर माणसाची विवेकबुद्धीही गहाण पडते, हे या चित्रपटाइतक्या स्पष्टपणे फार थोड्या कलाकृतींनी दाखवले आहे.

तथापि चित्रपटाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा १९६३ पासून अस्तित्वात होता. लेखी करार, ठरलेल्या मुदतीत ताबा न दिल्यास ९ टक्के व्याजासह परतावा, अशा तरतुदी त्यात होत्या. चौदा वर्षांनंतरच्या या कथेत फसवणूक जणू नियतीच्या आघातासारखी येते. तिच्यामागील व्यवस्थेचे अपयश पुरेसे उलगडत नाही.

‘अधांतर’ : सुटत चाललेली जमीन

‘अधांतर’मध्ये हीच समस्या उलट दिशेने येते. १९८२च्या गिरणी संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या गिरणगावातील एका कुटुंबाचे हे नाटक आहे. सुदीप-छायाचे घर पुढे आहे, पण ते हाती येत नाही. या कुटुंबाची खोली पायाखाली आहे, परंतु ज्या गिरणीच्या आधाराने ती उभी होती ती गिरणीच उरलेली नाही. म्हणूनच ‘अधांतर’ हे शीर्षक केवळ मनःस्थितीचे वर्णन राहत नाही. पुढील काळात गिरण्यांच्या जमिनींवर उत्तुंग मनोरे उभे राहिले, तेव्हा या शीर्षकाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. पवार यांनी दोष एका खलपुरुषावर न टाकता तो इतिहासाच्या प्रवाहात शोधला, ही या नाटकाची ‘घरोंदा’हून सरस अशी बाजू होय.

अनुपस्थित तिसरा

दोन्ही कलाकृतींत एक घटक व्यक्तिरेखा म्हणून अनुपस्थित आहे. तो म्हणजे इमारत बांधणारा मजूर. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्यातून पाहिले असता ही अनुपस्थिती ठळकपणे जाणवते. भाताची कापणी-झोडणी आटोपली की येथील कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांतील अनेक माणसे द्राक्षबागांवर आणि नाशिक शहरातील बांधकामांवर मजुरीसाठी जातात. ज्या मजल्यांच्या ताब्याची शहरातील मध्यमवर्ग वाट पाहतो, त्या मजल्यांवर यांनी विटा-वाळू वाहिलेली असते.

या मजुराच्या स्वतःच्या घराची कथा अधिक बोलकी आहे. घरकुल योजनेत पहिला हप्ता मंजुरीनंतर मिळतो. पुढील हप्त्यांसाठी जोते, भिंती, छत असा एकेक टप्पा पूर्ण करून त्याचे छायाचित्र सादर करावे लागते. म्हणजे गरिबाने आधी काम दाखवायचे आणि नंतर पैसे घ्यायचे. बिल्डरला मात्र दीर्घकाळ आधी पैसे मिळत आणि कामाचा पुरावा द्यावा लागत नसे. स्थावर संपदा कायदा २०१६मध्ये संमत झाला आणि १ मे २०१७पासून पूर्णपणे लागू झाला. त्याने खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे, दर तीन महिन्यांनी प्रगतीची माहिती जाहीर करणे आणि विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज देणे बंधनकारक केले. सुरगाण्यातील घरकुलधारकाकडून जो हिशेब पहिल्या जोत्यापासून मागितला जातो, तो मनोरे बांधणाऱ्यांना देणे इतक्या उशिरा भाग पडले. विश्वास कोणावर ठेवायचा आणि संशय कोणावर घ्यायचा, याचे समाजाने केलेले हे वाटप समीक्षेच्या कक्षेत यायला हवे.

समारोप

‘घरोंदा’ने प्रतीक्षेमुळे होणारा नैतिक ऱ्हास दाखवला, ‘अधांतर’ने त्यामागील इतिहास दाखवला. मात्र प्रतीक्षेची समग्र कथा तेव्हाच पूर्ण होईल, जेव्हा सदनिकेचा ताबा मागणारा, चाळीतून उखडला गेलेला आणि परांचीवर उभा असलेला मजूर हे तिघे एकाच कलाकृतीत समोरासमोर येतील. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे इमारत कायद्याने पूर्ण होते. ती बांधणाऱ्याला मात्र त्या दिवशी आपले बिऱ्हाड उचलून दुसऱ्या अपुऱ्या इमारतीकडे जावे लागते.