चालण्याची रुंदी, थांबण्याची रुंदी

मंडळी, आज समीक्षेला ग्रंथ घेतलेला नाही. कल्याण-डोंबिवलीत आपण रोज ज्यावरून चालतो तो स्कायवॉक घेतला आहे.

एमएमआरडीएचा पहिला स्कायवॉक २००८ साली वांद्रे पूर्वेला झाला, मग ही कल्पना आपल्याकडे आली. हेतू सरळ होता: स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी रिक्षा-बसच्या डोक्यावरून न्यायची. म्हणजे रस्ता वाहनांचा, जिने आपले! ठाणे पश्चिमेच्या 'सॅटिस'नं निदान बसच वर नेली आणि ती रेल्वेच्या पुलाशी जोडली. तिथे चालणाऱ्याचा थोडा तरी विचार दिसतो.

हायडेगर १९५१ च्या एका व्याख्यानात म्हणतो की, पूल दोन तयार काठ नुसते जोडत नाही. पूल होतो तेव्हाच काठ काठ म्हणून आपल्यासमोर येतात. आता बघा, आपल्या स्कायवॉकनं कोणते काठ दाखवले? माणूस म्हणजे वाहून न्यायचा लोंढा, एवढंच त्या आराखड्याला ठाऊक होतं. म्हणून फेरीवाला बसतो, कोणी कठड्याला टेकून दम खातो, तेव्हा तो सगळा अडथळाच ठरतो.

यावर तुम्ही म्हणाल, अडथळा आहेच की! बरोबर आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद जिन्यावर पावसात चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. त्यानंतर लष्करानं तीन पूल बांधून दिले, त्यातला एक आपल्या आंबिवलीचा. तेव्हा 'पुलावर बसा, गप्पा मारा' असं बेफिकिरीनं सांगता येणार नाही.

पण यावरून 'पुलावर थांबूच नका' हा निष्कर्ष निघत नाही. पाऊस येतो, गुडघा दुखतो, मूल रडतं; माणूस थांबणारच. सतराव्या शतकातल्या इस्फहानच्या ख्वाजू पुलाला चालण्याच्या वाटेच्या कडेला बसायचे कोनाडे आहेत. बसणारा चालणाऱ्याच्या पायात येत नाही.

आपल्याला हवं ते एवढंच. चालण्याची रुंदी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीवरून ठरवा आणि तिच्यातली एक वीतही कोणाला देऊ नका. थांबण्याची रुंदी तिच्या बाहेर, वेगळी काढा: सावली, बाक, उजेड, मोजक्या विक्रेत्यांना आखून दिलेली जागा. आणि लिफ्ट, जी चालू असते!

पुलानं किती माणसं पार केली, हे मोजणं सोपं आहे. पण जिना चढून दमलेल्या आजींना तिथे दोन मिनिटं कोणाचा धक्का न खाता बसता आलं का? नव्या पुलाचा आराखडा समोर येईल तेव्हा आधी हे विचारा.