‘गॅलेक्सी’: सव्वाआठ महिन्यांची वाहिनी

ब्रिटनच्या ‘गॅलेक्सी’ या उपग्रह वाहिनीचा विषय निघाला की बहुधा एकच गोष्ट सांगितली जाते. ३० सप्टेंबर १९९० रोजी तिने ‘हाइल हनी, आय अ‍ॅम होम!’ ही विनोदी मालिका दाखवली. हिटलर आणि एव्हा ब्राउन यांच्या शेजारी ज्यू दांपत्य राहते, अशी तिची कल्पना. पहिल्या भागानंतर ती पुन्हा दिसली नाही. या एका भागावरून वाहिनीची परीक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

२५ मार्च १९९० रोजी सुरू झालेली ‘गॅलेक्सी’ २ डिसेंबरला बंद पडली. ब्रिटिश सॅटेलाइट ब्रॉडकास्टिंग म्हणजे ‘बीएसबी’च्या पाच वाहिन्यांपैकी ही मनोरंजनाची. तिचे खरे धाडस मला ‘ज्युपिटर मून’ या मालिकेत दिसते. गुरूच्या कॅलिस्टो या चंद्राजवळच्या यानात एक महाविद्यालय आहे आणि तिथल्या तरुणांचे रोजचे जगणे हाच कथाविषय. तिचे जनक विल्यम स्मेदर्स्ट हे ‘द आर्चर्स’ या ग्रामीण रेडिओमालिकेचे माजी संपादक. खेड्यातल्या घरगुती कथेची रीत त्यांनी अंतराळात नेली. अशी मालिका एका भागात पटत नाही. पात्रे अंगवळणी पडावी लागतात. नेमका तो अवधीच तिला मिळाला नाही.

याला कार्यक्रमांचा दर्जा कारण नव्हता. ‘बीएसबी’ला परवान्यानुसार ‘डी-मॅक’ ही नवी, सरस चित्रप्रणाली वापरणे भाग होते. तिच्या ग्राहकयंत्रांना उशीर झाला. लक्झेंबर्गच्या ‘अ‍ॅस्ट्रा’ उपग्रहावरून रूढ ‘पाल’ पद्धतीने प्रक्षेपण करणारी ‘स्काय’ ५ फेब्रुवारी १९८९ पासूनच घरोघर शिरू लागली होती. ‘बीएसबी’च्या चौकोनी अँटेनावर ‘स्काय’ दिसत नसे, ‘स्काय’च्या गोल तबकडीवर ‘बीएसबी’ दिसत नसे. दोन्हीकडे तोटा साचत गेला, आणि २ नोव्हेंबर १९९० रोजी विलीनीकरण जाहीर झाले. त्यानंतर महिन्याभरात ‘गॅलेक्सी’ गेली.

दर्जा चित्राच्या रेखीवपणात असतो, असे परवाना देणाऱ्यांनी धरले. माझ्या मते मालिकेचा दर्जा तिला मिळणाऱ्या काळावरही ठरतो. ‘ज्युपिटर मून’चे १५० भाग तयार होते, त्यांतले १०८ दाखवले गेले. उरलेल्या ४२ भागांना प्रेक्षक मिळाला तो १९९६ साली, दुसऱ्याच वाहिनीवर. ‘गॅलेक्सी’चा निवाडा करायचा तर या १५० भागांवरून करावा.